प्रतिवादी गाव

कॉलेजात आमचे तत्त्वज्ञानाचे प्रोफेसर स्कॉटलंडचे होते आणि त्यांचं इंग्रजी आम्हाला निम्मंच कळायचं. त्या निम्म्या समजुतीवर मी पुढे बराच काळ मिरवलो. एका जर्मन तत्त्ववेत्त्याचं मत त्यांनी दोन तासांत उरकलं. इतिहास सरळ चालत नाही. एक व्यवस्था उभी राहते, तिच्याच पोटातून तिच्या उलट काहीतरी निघतं, दोघांची झुंज होते आणि झुंजीतून तिसरंच काही जन्माला येतं. त्या तिसऱ्यात पहिल्या दोघांतलं खरं तेवढं उरतं. मग ते तिसरंच पुन्हा पहिलं होतं आणि झुंज नव्याने लागते. हे शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं होतं. डोक्यात उतरायला मात्र वेळ लागला, आणि ते मला कोणी उतरवून दिलं हेच इथे सांगायचं आहे.

परीक्षेत मी गणितात आपटलो आणि कल्याणला परत येऊन इंग्रजी शाळेत असिस्टंट मास्तर झालो. नापास झालेला माणूस पास झालेल्यापेक्षा जास्त शहाणपणा दाखवतो, तसा मी दाखवत होतो. घरी आईचं आणि वडिलांचं आमटीतल्या मिठावरून वाजलं की मी पानावर बसल्या बसल्या मनात पहिला पक्ष, दुसरा पक्ष मांडायचो. वडील म्हणायचे, "अरे, जेव ना मुकाट्याने." मला वाटायचं, या घरात माझी किंमत कोणाला नाही.

त्या सुमारास सरकारने गावोगावच्या म्युनिसिपालिट्यांत लोकांनी निवडलेले सभासद घ्यायचं ठरवलं होतं. जिकडे तिकडे तीच चर्चा. आमच्या वाचनालयाच्या चिटणिसांनी मला गळ घातली, की मास्तर, तुम्ही यावर काहीतरी नवीन बोला. मी विषय दिला, 'इतिहासाची चाल आणि आजचं राज्य'. पाटीवर खडूने तो लिहिलेला बघून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

अडचण शब्दांची होती. त्या जर्मनाच्या तीन पायऱ्यांना मराठीत काय म्हणायचं? आमच्या शास्त्र्यांकडे पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि सिद्धान्त हे शब्द तयार होते. पण ते वापरले असते तर गावातले शास्त्रीबुवा पुढच्याच रांगेतून म्हणाले असते, की यात नवीन ते काय, हे आमच्याकडे होतंच. तो आनंद मला त्यांना द्यायचा नव्हता. म्हणून मी स्वतः शब्द घडवले: वाद, प्रतिवाद आणि संवाद. तिन्ही एका साच्यातले, कानाला गोड. मी इतका खूश झालो, की हे शब्द कल्याणात आधीपासून कोणाच्या तरी वापरात असतील, हे माझ्या मनातही आलं नाही.

व्याख्यान छान झालं. पेशवाई हा वाद, असं मी म्हणालो. इंग्रजी अंमल हा तिचा प्रतिवाद. मग अंमल स्थिर झाला आणि तोच वाद झाला. आता सरकार हा वाद आणि रयत हा प्रतिवाद. यातून जो संवाद निघायचा तो म्हणजे, अर्थातच, आमच्यासारखे दोन्ही बाजू शिकलेले लोक. हे मी अशा शब्दांत बोललो नाही, पण बोललो ते हेच. आणि शेवटी, टाळ्यांची घटका जवळ आली असं वाटून, एक वाक्य टाकलं: "प्रतिवादाने घाई करू नये. त्याने स्वस्थ राहावं. त्याची वेळ भरली, की इतिहास त्याला स्वतः बोलावणं पाठवतो." टाळ्या पडल्या. शास्त्रीबुवांनीसुद्धा मान हलवली.

लोक पांगले तरी दाराशी एक म्हातारा उभा होता. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी, पायांत धुळीच्या वहाणा. शीळ गावाकडे जाणाऱ्या वाटेवर डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका लहानशा गावचा तो पाटील. मामलेदार कचेरीत काम होतं, ते झालं नाही, म्हणून परत निघाला होता आणि वाचनालयातला आवाज ऐकून थांबला होता. झाडाला 'झार' म्हणणारी त्याची बोली.

"मास्तर, तुमी बोललाव त्यां सगलं मी आयकलं," तो म्हणाला. "सरकार वादी आन् रयत परतिवादी. खरां हाय ना?"

"अगदी खरं."

"आन् परतिवादीनी आपला घरी थांबाचा. बोलावनां येल."

"येईल," मी म्हणालो.

"नक्की येल?"

"पाटील, नक्की येईल. ते थांबवणं कोणाच्याच हातात नाही."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला मी डोळ्यांनी पाहिला. एका खेडूत म्हाताऱ्याला इतिहासाची चाल समजली आणि धीर आला, या विचाराने मला भरून आलं. त्याने हात जोडले, मी जोडले आणि आम्ही दोघेही मोठ्या समाधानाने आपापल्या घरी गेलो.

त्याचं कचेरीतलं काम काय होतं, हे मी विचारलंही नव्हतं. ते मागाहून कळलं. जंगलाच्या रखवालदाराने त्याचा कोयता जप्त केला होता. आमच्याकडे भाताचं रोप करायच्या आधी जमीन भाजतात. ऐनाच्या झाडाच्या फांद्यांचा टहाळ, पाचोळा, शेण आणि गवत यांचा थर पसरायचा आणि तो पेटवायचा. त्याला राब म्हणतात. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर भात नाही. डोंगरावरचा टहाळ गावं पिढ्यानपिढ्या तोडत आली होती. पण सरकारने जंगल राखीव करायला घेतलं तसा टहाळ हा गुन्हा झाला. सरकारचंही काही अगदीच चूक नव्हतं, डोंगर बोडके होत चालले होते हे खरं. पण त्यातलं किती लाकूड रुळांखाली गेलं आणि किती आगगाडीच्या जळणात गेलं, हे कोणी बोलत नव्हतं. मीही व्याख्यानात बोललो नव्हतो. माझ्या वाद-प्रतिवादांत राज्यं होती, कायदे होते, विचार होते. राब नव्हता.

गावागावांतून इतकी ओरड झाली, की शेवटी सरकारने जंगलाच्या चौकशीला काही साहेब आणि काही देशी गृहस्थ नेमले. ही मंडळी तालुक्याच्या गावी मुक्काम करून रयतेच्या जबान्या घेणार, आणि टहाळाचा हक्क कोणाला किती ठेवायचा ते त्यावरून ठरणार. कल्याणला ते आठवडाभर बसले. जबान्या इंग्रजीत उतरवायला माणसं कमी पडली, म्हणून शाळेने मला उसनं दिलं.

कचेरीच्या अंगणात माणसं मावत नव्हती. कोणी वाळलेला टहाळ पुरावा म्हणून बांधून आणलेला, कोणी राखेची पुरचुंडी. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी लिहीत होतो आणि माझा हात आणि माझा गर्व दोन्ही दुखत होते, कारण या माणसांना जे ठाऊक होतं त्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

मुक्काम हलायच्या आदल्या दिवशी दुपारी हेडक्लार्कने आलेल्या गावांची यादी वाचून दाखवली. न आलेली गावं थोडीच होती. त्यांत एक नाव आलं आणि मला लाल मुंडासं आठवलं. मी विचारलं, "जे आले नाहीत त्यांचं काय?"

"त्यांची तक्रार नाही असं धरायचं," तो म्हणाला आणि पुढच्या कागदाकडे वळला.

आधी मला वाटलं, पाटील आजारी असेल. मग दाराशी झालेलं बोलणं एकेक शब्द करून आठवलं. वादी. परतिवादी. बोलावणं. हे तिन्ही शब्द कोर्टातले. ठाण्याला जिल्ह्याचं कोर्ट. आमच्या मुलखातला माणूस शाळेत गेलेला नसेल, पण बांधाच्या भांडणापायी कोर्टाची पायरी चढलेला असतोच. वादी दावा लावतो आणि प्रतिवादी समन्सची वाट बघतो, हे त्याला माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक. माझा गोड शब्द त्याच्या रोजच्या वापरातला होता. समन्स येईपर्यंत घरी थांब, असं एका इंग्रजी शिकलेल्या मास्तराने त्याला भर सभेत सांगितलं होतं, आणि वर दोनदा विचारलं तर दोनदा ग्वाही दिली होती.

मी हेडक्लार्कला पोटदुखीचं कारण सांगितलं आणि शिळेच्या वाटेला लागलो. वाट दीड-दोन तासांची. उन्हाने डोकं भणभणत होतं, पण त्यापेक्षा लाजेने.

पाटील ओटीवर बसला होता. शेजारी गावातले चार-पाच जाणते. मला बघून सगळे उठले. ओटीच्या कोपऱ्यात सगळं मांडून ठेवलेलं होतं: ऐनाचा टहाळ, राखेचं मडकं, जुन्या पावत्यांचं गाठोडं, आणि धुऊन घडी केलेलं पांढरं धोतर, कोर्टात जायचं.

"आयलाव?" पाटील हसून म्हणाला. "समन्स तुमच्याच हाती दिलां का?"

मला रडू यायचं तेवढं राहिलं. मी ओटीच्या पायरीवरच बसलो आणि सगळं सांगितलं. की समन्स नाही, येणार नव्हतंच. मी बोलत होतो ते कोर्टाबद्दल नव्हतं, एका जर्मन माणसाच्या विचाराबद्दल होतं. कल्याणला साहेब आठवडाभर बसले होते आणि उद्या सकाळी निघणार आहेत.

"दवंडी आयकलेली आमी," एक जाणता म्हणाला. "पन पाटील बोलला, ती ज्यांना बोलावनां नाय त्यांच्यासाठी. आपल्याला येगलां येल."

पाटलाने कोपऱ्यातल्या धोतराकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "मास्तर, त्यो शबूद आमचा होता. तुमी कशाला घेतलाव?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, "चुकलो, पाटील. आता जाईतो कचेरी बंद होईल. उद्या पहाटे निघू. मी बरोबर आहे."

सकाळी आम्ही कल्याणला पोहोचलो तेव्हा कचेरीच्या अंगणात फक्त सांडलेला पाचोळा होता. मंडळी पहिल्या गाडीने ठाण्याला गेली होती आणि तिथून एक-दोन दिवसांत पुढे जाणार होती. आम्ही दोघं नंतरच्या गाडीने निघालो. स्टेशनात गाडीची वाट बघताना पाटील फलाटाच्या कडेला उकिडवा बसला आणि रुळांखालच्या लाकडाकडे वाकून बघत राहिला. "साग हाय," तो म्हणाला, एवढंच. याच रुळांवरून मी कॉलेजात जाऊन इतिहासाची चाल शिकून आलो होतो. तेव्हा खाली बघावं असं मला कधी सुचलं नव्हतं.

माझे मामा ठाण्याच्या कोर्टात जुने कारकून. राहायला नौपाड्याच्या अंगाला, जिथे तेव्हा भाताची खाचरं होती. त्यांनी आम्हाला आधी पिठलं-भात वाढला आणि मग सगळं ऐकून घेतलं. "उशिराची जबानी घेतील," ते म्हणाले, "पण उशिराचं कारण लेखी लागेल. गावात पटकीची साथ होती असं लिही. कोण बघायला जातंय?"

"आणि खरं लिहिलं तर?"

"सरकार वादी आणि रयत प्रतिवादी असं तू सभेत बोललास, हे सरकारलाच लिहून देणार? अरे, आधीच नापास. मास्तरकीसुद्धा जायची."

मी घाबरलो. हे लपवण्यात अर्थ नाही. मी टाक शाईत बुडवला आणि 'मौजे' लिहून 'पटकी'तला प काढलासुद्धा. पाटील समोर भिंतीला टेकून बसला होता. वाचता येत नसलं तरी त्याला कळलं असावं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गावान कोन आजारी नाय, मास्तर. सगली बरी हायत."

मी तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, की सदर गावची रयत वेळेवर हजर राहिली नाही याचं कारण तिचा आळस नसून माझं व्याख्यान होय. त्यात मी रयतेला प्रतिवादी म्हटलं आणि प्रतिवादीने बोलावणं येईतो थांबावं असं सांगितलं. दोष माझा आहे, गावाचा नाही. खाली सही केली. मामांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "अक्षर बाकी चांगलं आहे तुझं."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौकशीच्या मंडळींपुढे उभे राहिलो. त्यांत एक देशी गृहस्थ होते, वयस्कर, बारीक आवाजाचे. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला. मग शेजारच्या साहेबाला इंग्रजीत तो समजावून सांगितला. साहेबाने भुवया चढवल्या आणि दुभाष्यामार्फत थेट पाटलाला विचारलं, "तू सरकारच्या विरुद्ध आहेस?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाटील मात्र शांत उभा होता, ते धुतलेलं धोतर नेसून.

"विरुद्ध नाय, सायेब," तो म्हणाला. "परतिवादी हाय. विरुद्ध हाय त्यो कोर्टान कशाला येल? त्यो रखवालदाराला डोंगरावरच गाठल. परतिवादी कोर्टाला मानतो, म्हनून तर पांढरां नेसून येतो."

देशी गृहस्थ खाली बघून हसले. साहेबाला भाषांतर करून सांगितल्यावर तोही थोडा सैल झाला आणि म्हणाला, "बोल मग."

पाटील बोलला. टहाळ कुठल्या महिन्यात तोडतात, शेंडा का राखतात, शेंडा छाटला तर झाड मरतं आणि पुढल्या साली कोणाला काय मिळणार, कुठलं झाड त्याच्या बापानेही कधी तोडलं नव्हतं. जंगल राखायचं आहे हे त्यालाही मान्य होतं, कारण ते राखत आलो आम्हीच, असं त्याचं म्हणणं. त्या दिवशी मी तिथे नोकर म्हणून नव्हतो, तरी माझा हात सारखा लिहायला वळवळत होता.

पुढे शाळेच्या इन्स्पेक्टरांनी माझ्या व्याख्यानाची वही मागवून घेतली. ती कधी परत आली नाही. नोकरी राहिली, बहुधा त्या देशी गृहस्थांनी दोन शब्द टाकले असावेत. खरं सांगायचं तर वहीचं मला फारसं वाईट वाटलं नाही. प्रोफेसर सांगत होते तो विचार खोटा नव्हता. पण मी त्यातली झुंज दोन शब्दांमधली समजलो होतो आणि स्वतःला आयतं तिसरं करून घेतलं होतं. सरकार आणि रयत यांच्या मधोमध कोणी शिकलेला बसवून ठेवलेला नसतो. पाटील त्या साहेबासमोर उभा राहून जे बोलला, तेवढीच त्या तिसऱ्याची जागा.

वर्ष उलटून गेल्यावर हुकूम आला. डोंगराचा खालचा भाग टहाळासाठी मोकळा, वरचा बंद. ऐन तोडायला परवानगी, पण शेंडा सोडून. साग आणि आणखी काही झाडांना हात लावायचा नाही. कोयते परत. मी कचेरीतून नक्कल उतरवून घेतली, पाटलाचा कोयता सोडवला आणि त्याच रविवारी गाव गाठलं. मला वाटलेला आनंद मी लपवला नाही. सरकारचं जंगल राहिलं, गावाचा राब राहिला, आणि शेंड्याची गोष्ट तर पाटलाच्याच तोंडची, ती थेट सरकारच्या कागदावर गेली. माझा संवाद म्हणजे हाच, असं मी ओटीवर बसून त्याला सांगितलं.

पाटलाने कोयता मांडीवर घेऊन त्याची धार अंगठ्याने बघितली. मग मला कागद पुन्हा वाचायला सांगितला, सावकाश. वरचा भाग बंद, हे आलं तिथे त्याने मला थांबवलं.

"वरच्या अंगाला ठाकरांचा पाडा हाय," तो म्हणाला. "त्यांना पन राब लागतो. ती आलेली का जबानीला?"

मला आठवत होतं. यादीत ते नाव नव्हतंच, आलेल्यांत नाही आणि न आलेल्यांतही नाही. डोंगरातले हे ठाकर लोक तिथे पिढ्यानपिढ्या राहत होते, पण त्यांचं गाव कागदावर कुठे नव्हतं. मी नाही म्हणालो.

"मंग यो निकाल नाय, मास्तर. तारीख परली." त्याने कोयता पाटाखाली सरकवला आणि वहाणा पायांत घातल्या. "आता वादी आमी, परतिवादी ती. चला वरती. या वखती बोलावनां तुमी घेऊन चला."

मी नकलेची घडी करून खिशात घातली आणि त्याच्या मागोमाग डोंगर चढू लागलो.